मेंढ्यांचं ‘स्टेशन’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आमच्या सिन्नरकडच्या शेतात दरवर्षी धनगरांचा वाडा बसतो. मुलगा परवा विचारत होता की ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं स्टेशन असतं म्हणे, तिथं काय रेल्वे येते का? मला काही सांगता येईना.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रेल्वे नाही हो! तिकडे हजारो एकरांच्या मेंढीपालनाच्या रानालाच स्टेशन म्हणतात. यातलं गाजलेलं नाव म्हणजे जॉन मॅकार्थर. १७९० मध्ये हा इंग्रज फौजी अधिकारी सिडनीला आला, पुढे मऊ लोकरीच्या मेरिनो जातीच्या मेंढ्या घेतल्या, आणि माणूस इतका भांडखोर की १८०१ मध्ये स्वतःच्याच वरिष्ठाशी पिस्तुलाचं द्वंद्व खेळून त्याला जखमी केलं, म्हणून इंग्लंडला रवानगी झाली, तर तिथं लोकरीचे नमुने दाखवून १८०५ मध्ये ५,००० एकरांचा हुकूम घेऊनच परत आला. शिक्षा म्हणावी की लॉटरी! ती जमीन मुळात तिथल्या धरावल आदिवासी लोकांची, त्यांना कोण विचारतो.

पुढे १८०८ च्या गव्हर्नरविरोधी बंडात अडकून १८०९ ते १८१७ तो ऑस्ट्रेलियाबाहेरच राहिला. तेव्हा सगळा कळप, मजूर, लोकरीचा धंदा बायकोनं, एलिझाबेथनं सांभाळला. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या दोन डॉलरच्या नोटेवर मात्र फोटो नवऱ्याचा आणि मेंढ्याचा, बाईंचा नाहीच.

आणि आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीला एक नंबर. मेरिनोची मऊ, सुटाच्या कापडाची. मुलाला हा फरक नक्की सांगा.