डॉक्टर नसताना आरोग्य धोरणाच्या संशोधनात प्राध्यापकी करता येते का?

अर्थशास्त्रात एम.ए. करून गोव्यातच राहू इच्छिणाऱ्या प्रश्नकर्त्याने आरोग्य धोरण आणि व्यवस्थापनात पीएच.डी. करावी का, असे विचारले आहे आणि जाता जाता ‘की हा वैद्यकीय प्रवेश हुकलेल्यांचा विषय आहे?’ असेही जोडले आहे. हे उत्तर मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहीत आहे, कारण शल्यविशारद असलेले माझे थोरले बंधू दर चतुर्थीला मूळ घरी नेवऱ्या खाता खाता मला नेमके हेच ऐकवतात. वैद्यकीय प्रवेशासाठी मी अर्जसुद्धा केला नव्हता, हे त्यांना ठाऊक आहे.

माझा प्रबंध गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेवर, म्हणजे इथल्या आरोग्यविमा योजनेवर, आहे. 2016 साली सुरू झालेली ही योजना गोव्यात किमान पाच वर्षे राहिलेल्यांसाठी असून, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण देते. नियम वाचून यात अभ्यासण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. म्हणून एका इस्पितळात, जिथे उपचारांना पूर्वमंजुरी मिळवण्याचे कागद तयार होतात, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसू लागले. सत्तरी तालुक्यातल्या एका वयस्क नाईकांची शस्त्रक्रिया तिथे माझ्यासमोर अडली. पोर्तुगीज राजवटीतल्या जन्मदाखल्यावर त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ होते, आधारवर ‘के’ होते आणि योजनेच्या कार्डावर नातवाने भरलेले तिसरेच काहीतरी होते. खिडकीवरच्या कारकुनाकडे अशा आडनावांची एक जाड वही होती. कोणते स्पेलिंग कोणत्या प्रतिज्ञापत्रावर चालते आणि कुठे पुन्हा तालुक्याला पाठवावे लागते, हे त्याने अनेक वर्षांच्या अनुभवावरून बारीक अक्षरात टिपून ठेवले होते. माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण त्या वहीतून निघाले. वरच्या मजल्यावरच्या नोंदवहीत मात्र पुढे ढकललेल्या त्या शस्त्रक्रियेसमोर ‘रुग्ण तयार नाही’ एवढेच लिहिलेले होते. ‘आमच्याकडे कागदांपायी रुग्ण कधी थांबत नाही’ असे आमचे बंधू छातीठोकपणे सांगतात आणि त्यात ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या टेबलापर्यंत जो पोहोचतो, तो कागद पूर्ण होऊनच पोहोचतो. जो पोहोचला नाही त्याचा शोध घेणे हे आमचे काम आहे आणि त्याला कारकुनी म्हणणाऱ्याने एकदा त्या खिडकीमागे बसून पाहावे.

आता नोकरीचे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाची आशा धरू नका. तिथली अध्यापकपदे एम.डी. झालेल्यांची असतात आणि बिगरडॉक्टराच्या वाट्याला आले तर संख्याशास्त्रज्ञाचे पद येते. तुमची जागा व्यवस्थापन संस्थांत, अर्थशास्त्र विभागांत आणि सार्वजनिक आरोग्याच्या स्वतंत्र केंद्रांत आहे. साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये आरोग्यसेवा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे. गोव्याबाहेर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र आणि जेएनयूचे सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य केंद्र आहे. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेत ‘सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य’ हा विषय आहे, परंतु तुम्ही अर्थशास्त्रातूनच ती द्यावी, कारण त्या विषयाच्या जागा पुष्कळ अधिक निघतात. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 57,700 रुपयांपासून सुरू होते. प्रकल्पावरच्या नेमणुकांत मात्र अनुदान संपले की पगार संपतो आणि वर्षानुवर्षे माहिती गोळा करणाऱ्याचे नाव शोधनिबंधावर येतेच असे नाही. ते कुठे येणार, हे रुजू होण्याआधी लेखी विचारा. असे विचारणे उद्धटपणाचे आहे असे मानणाऱ्या मार्गदर्शकाकडे जाऊ नका.

डॉक्टरांवाचून आरोग्यात काही सिद्ध होत नाही, असे ज्यांना वाटते (आमच्या घरात ते आहेतच), त्यांनी ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेचे काम पाहावे. नैराश्य आणि चिंताविकाराच्या रुग्णांना प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून मदत देण्याची तिची चाचणी इथल्याच आरोग्यकेंद्रांत झाली आणि 2010 साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अर्थात, त्या चाचणीचे नेतृत्व मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्याकडे होते आणि समुपदेशकांच्या मागे डॉक्टरही होते, हे मला सांगितलेच पाहिजे. घरच्या वादात मी तेवढा भाग गाळते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझे हे सगळे म्हणणे अर्थशास्त्रातून किंवा समाजशास्त्रातून येणाऱ्यांना लागू आहे, एम.बी.बी.एस. झालेल्या वाचकाने सामुदायिक वैद्यकशास्त्रात एम.डी. करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. गोव्यातच राहण्याची तुमची अट मात्र पीएच.डी.च्या काळात तरी सोडा, कारण इथे या विषयाचे मार्गदर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. क्षेत्रकार्यासाठी परत येता येईल: बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात 2018 मध्ये परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाल्यावर सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसांनी काय केले, हा प्रश्न दोन राज्यांच्या सीमेवर आहे आणि त्यासाठी दोन्ही बाजूंच्या कार्यालयांत मराठीतून बोलू शकणारा संशोधक लागेल.