कंपनी परदेशी पाठवतेय आणि ‘इन्शुरन्स आमचाच आहे’ म्हणतेय. तेवढ्यावर निघावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: कंपनी दोन वर्षांसाठी परदेशी पाठवतेय, बायको आणि मुलगीही सोबत येणार आहेत, एचआर म्हणतं विमा कंपनीचाच आहे, तर त्यावर स्वतःची ट्रॅव्हल पॉलिसी काढावी का?

ट्रॅव्हल पॉलिसी या कामाची नाही. ती प्रवासात अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरती असते. आधीपासूनचा मधुमेह, नेहमीच्या तपासण्या, बाळंतपण हे तिच्यात सहसा बसत नाही आणि अंगमेहनतीचं काम करताना झालेली इजा अनेक पॉलिसींत सरळ वगळलेली असते. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) जो किमान 30,000 युरोचा विमा मागतात, तोही अल्प मुदतीच्या व्हिसाचा. नोकरीसाठी राहणाऱ्याला त्या-त्या देशाच्या नियमाप्रमाणे आरोग्य विमा लागतो.

बाहेर पाठवलेल्या लोकांची कागदपत्रं आणि क्लेम सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. लोकांना भीती असते मोठ्या आजाराची, पण तिथे पैसे बहुधा मिळतात. मी पाहिलेले घोळ झाले ते एक विमा संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या जागेत. म्हणून ‘विमा आहे का’ असं विचारूच नका, उत्तर ‘हो’ येणार हे ठरलेलं आहे. कव्हर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि कुठल्या देशांत, हे विचारा. आणि उत्तर ईमेलवर घ्या.

सुरुवात बघा. तिथला स्थानिक विमा बऱ्याचदा राहण्याचा परवाना किंवा नोंदणी झाल्यावरच लागू होतो. विमानातून उतरल्यापासून तोवरचे दिवस कोणाच्या अंगावर? ते कंपनीने भरून काढले नसतील, तर एवढ्याच दिवसांसाठी छोटी पॉलिसी काढणं शहाणपणाचं.

मग देश. विम्याच्या सर्टिफिकेटवर ‘कव्हरेज एरिया’ अशी एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही. तिथे पुष्कळदा ‘जगभर, अमेरिका व कॅनडा वगळून’ असं लिहिलेलं असतं, कारण तिथले उपचार महाग म्हणून प्रीमियम वेगळा लागतो. आमच्याकडच्या एकाला ट्रेनिंगसाठी अचानक तिथेच पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं अपेंडिक्स दुखायला लागलं. कार्ड खिशात, पण ते तिथे चालेना. हॉस्पिटल पैशांची हमी मागत होतं आणि आम्ही इकडे रात्री फोनवर फोन करत होतो. शेवटी कंपनीने बिल भरलं, पण तशी लेखी बांधिलकी तिच्यावर नव्हती. तेव्हापासून तिकीट काढण्याआधी मी ती ओळ बघतेच. सुट्टीत घरी आल्यावर उपचार चालतात का, आणि किती दिवसांपर्यंत, तेही पॉलिसीतच लिहिलेलं असतं.

कामावर झालेला अपघात ही पूर्ण वेगळी बाब आहे. आरोग्य विमा हॉस्पिटलचं बिल भरेल, पण हात कायमचा निकामी झाला तर पुढच्या कमाईचं काय? ते कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात येतं. जर्मनीसारख्या देशात या अपघात विम्याचा पूर्ण हप्ता मालकच भरतो. परदेशी कामगाराला भरपाईत स्थानिकाच्या बरोबरीनं वागवावं, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1925 मध्येच केला आहे, पण तो मान्य केलेल्या देशांपुरताच बांधील आहे. तेव्हा तुम्ही कोणत्या देशाच्या सामाजिक सुरक्षेखाली (पेन्शन, अपघात विमा वगैरेंची सरकारी व्यवस्था) राहणार हे निघण्याआधी ठरलं पाहिजे. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असेल तर मूळ देशातून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज मिळतं आणि दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही. युरोपियन युनियनच्या आत यालाच ए-1 म्हणतात. तिथे सर्वसाधारण मुदत 24 महिन्यांची.

इव्हॅक्युएशन, म्हणजे आजारी माणसाला उपचारासाठी दुसरीकडे हलवणं, याबद्दल एक गैरसमज फार आहे. गंभीर आजारात विमा कंपनी आपल्याला घरी पोहोचवेल असं लोक धरून चालतात. बहुतेक पॉलिसींत शब्द असतात ‘जवळच्या योग्य हॉस्पिटलपर्यंत’, आणि तेही त्यांच्या असिस्टन्स सेंटरची आधी मंजुरी घेऊन. घरच्यांनी घाईत स्वतःच एअर ॲम्ब्युलन्स ठरवली तर तो खर्च नाकारला जाऊ शकतो. कार्डाच्या मागचा नंबर बायकोच्या फोनमध्येही सेव्ह करा. मृतदेह परत आणण्याचा खर्च कोण करणार, हेही विचारून ठेवा. विचारताना जीभ अडखळते, पण त्या वेळी घरच्यांना ते शोधत बसावं लागू नये.

कुटुंब गृहीत धरू नका. दुबईत 2013 च्या कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्याचा विमा मालकाने काढायचा, पण कुटुंबाचा विमा त्यांना स्पॉन्सर करणाऱ्याने, म्हणजे बहुधा कर्मचाऱ्यानेच. बाळंतपणाला वेटिंग पीरियड असतो, म्हणजे सुरुवातीचा तेवढा काळ त्याचा क्लेम मिळत नाही; तो वैयक्तिक पॉलिसीत दहा-बारा महिन्यांचाही असू शकतो. ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा माफ होतो. मुलीला दमा वगैरे काही असेल तर ते आत्ताच कळवा. लपवलेलं दुखणं क्लेमच्या वेळी नेमकं बाहेर येतं.

राहिली नोकरी सुटण्याची वेळ. अमेरिकेत वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीचा ग्रुप विमा ‘कोब्रा’ कायद्याखाली साधारण 18 महिने पुढे चालू ठेवता येतो, फक्त हप्ता पूर्ण स्वतः भरायचा. सगळीकडे अशी सोय नाही. म्हणून घरी स्वतःची आरोग्य पॉलिसी असेल, तर दोन वर्षं वापर नाही म्हणून ती बंद करू नका. नव्याने काढली की वेटिंग पीरियड पुन्हा पहिल्यापासून मोजतात, आणि तोवर वयही वाढलेलं असतं. ट्रॅव्हल पॉलिसीवर जे पैसे घालणार होता, ते इथे घाला.

देश कोणता आणि काम ऑफिसातलं की साइटवरचं, हे कमेंटमध्ये लिहिलंत तर एचआरला पाठवायचा ईमेल मी तुम्हाला तयार करून देईन.