सेंद्रिय कर्बावरून डीनायट्रिफिकेशनचा (मातीतले जंतू नायट्रेटचा वायू करून सोडतात त्याचा) दर सांगणारं मॉडेल कसं बसवू? दोन नमुने वगळले तरच आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं त्याचं माप) बरा येतो.

वगळू नका. कोणीही सांगितलं तरी.

एम.एस्सी.ला माझे 24 कोअर, म्हणजे नळीनं काढलेले मातीचे नमुने, निफाडकडच्या एका द्राक्षबागेतले. काळी माती, बोदात (वेलींच्या ओळीखालच्या वरंब्यात) शेणखत, वर ठिबक. बाटल्यांत ॲसिटिलीन सोडून (त्यानं जंतूंचं काम नायट्रस ऑक्साईडवरच थांबतं) नायट्रस ऑक्साईड मोजला. 23 नमुने शहाण्यासारखे वागले आणि एकट्यानं त्या सगळ्यांच्या बेरजेएवढा वायू सोडला. सर म्हणाले, "बाटली गळकी असेल, काढून टाक." अहो, गळकी बाटली कमी दाखवेल, जास्त कशी दाखवेल? पण तेव्हा तोंड उघडलं नाही. कोअर मात्र फोडला. आत शेणाचं बोटाच्या पेराएवढं ढेकूळ, त्याला चिकटलेलं द्राक्षाचं अर्धवट कुजलेलं पान. त्याच मातीचा वॉकली-ब्लॅक या नेहमीच्या रासायनिक पद्धतीनं कर्ब काढला तर शेजारच्यांइतकाच! येणारच. ढेकूळ आणि पान आम्हीच चाळणीवरून फेकून दिलं होतं.

प्रबंधात तो नमुना नाही. आर-स्क्वेअर मात्र झकास आहे.

पुढे पार्किन या अमेरिकी संशोधकाचा 1987 चा पेपर हाती लागला. त्याच्या एका कोअरमधलं 85 टक्के डीनायट्रिफिकेशन माठाच्या जातीतल्या तणाच्या एका कुजक्या पानाखाली सापडलं होतं. सरांना दाखवला. "अमेरिकेतली माती वेगळी," म्हणाले.

तुमच्या मॉडेलचं म्हणाल, तर दराचा नैसर्गिक लॉग घ्या, विदा बहुधा लॉगनॉर्मल असते, म्हणजे बरेच आकडे लहान आणि थोडे प्रचंड. लॉगवरून मूळ आकड्यावर परत फिरवताना, घातांक घेण्याआधी, सिग्मावर्गाचा (लॉगमधल्या उरलेल्या विचरणाचा) निम्मा मिळवायला विसरू नका, नाहीतर सरासरी कमी येईल. बोद हा रँडम इफेक्ट धरा, कारण एकाच बोदातले नमुने एकमेकांसारखे असतात. आणि एकूण कर्बावर भिस्त ठेवू नका. बरफर्ड आणि ब्रेमनर या संशोधकांना 1975 मध्ये डीनायट्रिफिकेशनचा एकूण कर्बाशी सहसंबंध 0.77 मिळाला, पाण्यात विरघळणाऱ्या कर्बाशी 0.99. जंतूंना खायला मिळतं तेवढंच मोजायचं. ओल्याव्याचा कॉलम नसेल तर मॉडेल करूच नका. वाफशावरची माती आणि पाणी साचलेली माती एका रेषेत बसत नाही.

हां, बूच खरंच सैल होतं अशी नोंद त्याच दिवशीच्या वहीत असेल, तर तो नमुना खुशाल वगळा. शिवाय ओल्या चिकण मातीत ॲसिटिलीन आतपर्यंत पोचत नाही, त्यामुळे तुमचेही आकडे चुकलेले असू शकतात. पण त्या चुकीनं आकडा कमी येतो, सर, जास्त नाही.