सायकलवाल्यांचे प्रश्न: तलाव दिसला म्हणजे माथा आला का?

प्रश्न: राम राम भाऊ. मी धुळ्याचा, वय ४४, बँकेत आहे. मेव्हणा स्वित्झर्लंडला बर्नमध्ये असतो, ऑगस्टमध्ये आम्ही सगळे त्याच्याकडे चाललोय आणि तो म्हणतो आपण ग्रिमझेल पास सायकलवर चढू, वाटेत डोंगरातले तलाव लागतात, लई भारी रस्ता आहे. मला सपाटीला १०० किलोमीटर काहीच वाटत नाही पण डिसेंबरात तोरणमाळला गेलो तर सात पायरी घाटात पायांनी जीव सोडला, दोनदा उतरून सायकल ढकलली. माझं वजन ७२ किलो, रोडबाइकला पुढे लहान चकती ३४ दातांची आणि मागे मोठ्यात मोठी २८ची. जमेल का? की मेव्हण्याला आत्ताच नाही सांगून टाकू?

उत्तर: राम राम दादा. नाही बिलकुल सांगू नका. मी हा घाट चढलोय, आणि तुमचं पत्र वाचून मला वाटतं तुमची अडचण पायात कमी आणि गिअरमध्ये जास्त आहे.

आधी घाट समजून घ्या. खालचं गाव इनर्टकिर्शेन ६२५ मीटरवर, माथा २१६४ मीटरवर, मधलं अंतर साधारण २६ किलोमीटर, म्हणजे सरासरी चढ ६ टक्क्यांच्या आसपास. आकडा ऐकून वाटतं ठीक आहे, पण सुरुवातीचा गुटानेन गावापर्यंतचा भाग त्यामानाने सौम्य आहे आणि त्याचं उसनं वरचा रस्ता वसूल करतो, तिथे ८-९ टक्के बराच वेळ चालतं.

आता तुमचा हिशोब करू. तुम्ही ७२, सायकल-पाणी-कपडे धरून ८४ किलो. दोन-तीन तास टिकेल अशी १५० वॅट ताकद धरली तर ८ टक्क्यांच्या चढावर वेग येतो ताशी ७ किलोमीटरच्या थोडा वर. ३४-२८ गिअरवर त्या वेगाला पाय मिनिटाला ५०च्या सुद्धा खाली फिरतात, म्हणजे प्रत्येक पॅडल जिना चढल्यासारखं, मांड्या भरून येणारच. सात पायरीत तुमचं हेच झालं. मागे मोठ्यात मोठी चकती ३४ दातांची असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, टाका, त्याच वेगाला पाय ६०च्या जवळ फिरतील. मात्र बऱ्याच जुन्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एवढी मोठी चकती चालत नाही, लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो आणि चेनही लांब लागते, तेव्हा मेकॅनिकला सायकल दाखवूनच घ्या. ऑगस्टची वाट बघू नका, आत्ताच बदला. पूर्ण घाटाला न थांबता अडीच-पावणेतीन तास धरा. ह्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आता तलावांचं, कारण मला जे मनापासून सांगायचंय ते हेच आहे. आपल्या तोरणमाळला घाट संपतो, पठार लागतं आणि मग यशवंत तलाव दिसतो, म्हणून आपल्या डोक्यात बसलेलं असतं की पाणी दिसलं म्हणजे पोचलो. ग्रिमझेलला तसं नाही. तिथे आधी समोर भिंतीसारखं धरण उभं राहतं, त्याच्या वर चढलात की रेटरिक्सबोडन तलाव, मी तिथे पोचलो आणि झालं आता म्हणून उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं, जोर लावून हाणली, आणि पुढे बघतो तर अजून ४०० मीटर उंची बाकी! तो तलाव १७६७ मीटरवर आहे. त्याच्या वर ग्रिमझेल तलाव १९०८ वर, तिथून वळणं घेत घेत वर जाणारा रस्ता डोळ्यांना दिसत असतो आणि पाय थरथरत असतात. माथ्यावरचा खरा तलाव वेगळाच, टोटनझे, म्हणजे मेलेल्यांचा तलाव. १७९९ साली तिथे फ्रेंच आणि ऑस्ट्रियन सैन्याची लढाई झाली, त्यावरून हे नाव पडल्याचं सांगतात. तुमचा यशवंत तलाव तो. तो दिसेपर्यंत जोर लावायचा नाही, पहिले दोन तलाव आले की घोटभर पाणी, थोडं खाणं आणि तोच वेग.

थांबून बघा मात्र जरूर. ग्रिमझेल तलावाचं पाणी दुधट हिरवं-राखाडी दिसतं, कारण वरची हिमनदी खडक दळत येते आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. ते दोन्ही तलाव धरणाचेच आहेत, वीज बनवायला बांधलेले, पण त्याने काही बिघडत नाही, एवढं सुंदर पाणी मी दुसरीकडे पाहिलं नाही.

तयारीसाठी महिन्यातून दोनदा तोरणमाळ करा. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, आणि राणीपूरपासून सुरुवातच मुद्दाम हळू, इतकी की बरोबरच्याशी बोलता आलं पाहिजे. महाशिवरात्रीला यात्रेची गर्दी असते तेव्हा जाऊ नका. लळिंग घाट तुमच्या घराजवळ आहे पण हायवेच्या ट्रकांमध्ये मी कोणालाच सराव करायला सांगणार नाही. मे महिन्यात पहाटे पाचला निघा, नऊच्या आत घरी. दर तासाला ५०-६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेलं पाहिजे, आपल्याकडची दोन केळी खाल्ली की जवळपास भागतं, जोडीला गूळ-शेंगदाणे.

आणि तिकडे गाड्या उजवीकडून चालतात हे पहिल्या दिवशी दहादा स्वतःला सांगा. बोगदे आहेत म्हणून मागचा लाल दिवा हवाच. हा पास हिवाळ्यात बंद असतो, ऑगस्टमध्ये उघडा असतो, तरी खाली २५ अंश असलं तर वर १५ सापडतं आणि घामेजलेल्या अंगाने उतरताना दात वाजतात, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात ठेवा.

प्रश्न: दादा, मी अमळनेरची. तोरणमाळ उतरताना ब्रेक सारखा धरून ठेवला तर रिम एवढी तापली की हाताला चटका बसला. टायर फुटू शकतो का?

उत्तर: हो ताई, फुटू शकतो. चढताना जेवढी उंची कमावली तिची बरीचशी ऊर्जा ब्रेक धरून उतरताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघते, रिम तापली की आतल्या हवेचा दाब वाढतो. ब्रेक धरून ठेवायचाच नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग उतरवा, मग पूर्ण सोडा, म्हणजे रिमला वारा लागतो. वळणात ब्रेक नको. चटका बसतोय असं वाटलं तर बाजूला घ्या, दहा मिनिटं थांबा, गरम रिमवर पाणी ओतू नका. पुढच्या वेळी निघण्याआधी ब्रेक पॅडच्या खाचा बघा, खाच दिसेनाशी झाली असेल तर पॅड बदलूनच घाटात जा.