वाचकांचे प्रश्न : स्वतंत्र लेबलांची अव्वल गाणी

प्रश्न : ब्रिटनच्या ‘इंडी’ (‘इंडिपेंडंट’, म्हणजे बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या ‘लेबलां’च्या, अर्थात तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांच्या गाण्यांच्या) चार्टची, म्हणजे खपाच्या क्रमवारीची, जुनी यादी चाळताना ऐंशीच्या दशकात गिटारवाल्या बंडखोर बँडच्या शेजारी पॉप गायिका कायली मिनोग हिची नाचाची गाणीही पहिल्या क्रमांकावर दिसतात. ही गाणी ‘इंडी’ कोणत्या अर्थाने?

उत्तर : हा प्रश्न त्या काळच्या ब्रिटिश श्रोत्यांनाही पडला होता आणि त्यावरून त्यांनी पुष्कळ कुरकुरही केली होती. हा चार्ट जानेवारी १९८०मध्ये ‘रेकॉर्ड बिझनेस’ या व्यापारी साप्ताहिकात सुरू झाला, तेव्हा त्यात शिरण्यासाठी संगीताच्या शैलीची अट नव्हतीच. तबकडी दुकानापर्यंत कोणी पोहोचवली, एवढेच पाहिले जाई. वितरण बड्या कंपन्यांच्या यंत्रणेतून झालेले नसेल, तर गाणे कोणत्याही धाटणीचे असले तरी पात्र ठरे. पहिल्या यादीत अव्वल ठरलेले स्पिझेनर्जी या बँडचे ‘व्हेअर्स कॅप्टन कर्क?’ हे ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र लेबलचे गाणे पंक या रांगड्या, बंडखोर रॉक संगीताच्या परंपरेतले होते, त्यामुळे यादी एका विशिष्ट संगीताचीच आहे असा समज रूढ झाला. कायलीचे ‘आय शुड बी सो लकी’ हे गाणे पीडब्ल्यूएल या लेबलने काढले आणि त्याचे वितरण ‘पिनॅकल’ या स्वतंत्र कंपनीकडे होते. ते १९८८मध्ये मुख्य ब्रिटिश चार्टवर सलग पाच आठवडे पहिले राहिले आणि नियमाप्रमाणे इंडी चार्टवरही पहिले आले. त्याच्याही आधी, १९८२च्या नाताळात, रेने आणि रेनाटो या जोडीचे ‘सेव्ह युअर लव्ह’ हे गोडमिट्ट प्रेमगीत एका छोट्या लेबलवरून मुख्य चार्टच्या शिखरावर गेले होते. बंडखोरीचा त्यात लवलेशही नव्हता.

नियमाची दुसरी बाजूही तितकीच विचित्र होती. एखाद्या बड्या कंपनीने स्वतंत्र लेबलात भागीदारी घेतली, तरी वितरण बाहेरचे असल्यास गाणे यादीत राही. ओएसिस या बँडचे ‘क्रिएशन’ हे लेबल याचे ठळक उदाहरण आहे, कारण १९९२पासून त्यातील ४९ टक्के हिस्सा सोनी या बड्या कंपनीकडे होता. अखेर २००९मध्ये नियम पालटला आणि वितरणाऐवजी मालकी पाहिली जाऊ लागली. लेबलाचा निम्म्याहून अधिक वाटा बड्या कंपनीच्या हाती नसावा, ही अट आली. माझ्या मते हा बदल फार उशिरा झाला.

प्रश्न : गाणे पहिल्या क्रमांकावर गेले की लेबलचे दैन्य संपायला हवे. मग अशी अनेक लेबले यशानंतर थोड्याच वर्षांत का बुडाली?

उत्तर : कारण तबकड्यांच्या धंद्यात खर्च आधी होतो आणि पैसा मागाहून येतो. गाणे वर चढू लागले की दुकानदारांच्या मागण्या एकदम वाढतात. त्या पुरवायच्या तर कारखान्याला तबकड्या दाबण्याचे, छापखान्याला वेष्टनांचे आणि वाहतूकदाराला गाडीभाड्याचे पैसे लगेच चुकते करावे लागतात. दुकानदार मात्र वितरकाला उशिरा पैसे देतो, वितरक त्याहून उशिरा लेबलला देतो, आणि न खपलेला माल परत येईल या धास्तीने काही रक्कम अडवूनही ठेवतो. अमेरिकेत तर पुढचे लोकप्रिय गाणे हाती पडेपर्यंत आधीच्या गाण्याचे पैसे द्यायचे नाहीत, अशी वितरकांची रीतच पडली होती. बड्या कंपनीजवळ जुन्या गाण्यांचा साठा आणि बँकेतील पत असते, त्यामुळे मधले महिने ती निभावून नेते. छोट्या लेबलजवळ बहुधा हे एकच गाणे असते.

‘व्ही-जे’ या अमेरिकी लेबलची कहाणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या कृष्णवर्णीय दांपत्याने १९५३मध्ये उभी केलेली ही कंपनी १९६२मध्ये यशाच्या शिखरावर होती. जीन चँडलरचे ‘ड्यूक ऑफ अर्ल’ त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेले आणि फोर सीझन्स या गायकवृंदाच्या ‘शेरी’ व ‘बिग गर्ल्स डोन्ट क्राय’ या दोन गाण्यांनी प्रत्येकी पाच आठवडे ती जागा राखली. तरीही रॉयल्टीच्या वादातून फोर सीझन्स दुसऱ्या कंपनीत गेले. ‘कॅपिटॉल’ या बड्या कंपनीने आधी नाकारलेली बीटल्सची गाणी अमेरिकेत काढण्याचे भाग्यही व्ही-जेला लाभले आणि त्यांच्याच ‘टॉली’ या उपलेबलवरचे ‘लव्ह मी डू’ मे १९६४मध्ये अव्वल ठरले. परंतु त्या हक्कांवरून न्यायालयीन झगडे लागले, व्यवस्थापन विसकळीत झाले आणि १९६६मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

केवळ व्यवहारशून्यतेने लेबले बुडतात असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. रफ ट्रेडची वितरण शाखा १९९१मध्ये कोसळली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या लेबलांचे पैसे अडकले, आणि यात त्या लेबलांचा काहीच दोष नव्हता. ‘फोरएडी’ या ब्रिटिश लेबलच्या बाबतीत अडचण कायद्याची होती. ‘मार्स’ या नावाने एकत्र आलेल्या कलाकारांचे ‘पम्प अप द व्हॉल्यूम’ हे इतरांच्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे जोडून केलेले गाणे १९८७मध्ये चढत असतानाच स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या निर्मात्यांनी आपल्या गाण्याचा तुकडा वापरल्याबद्दल मनाई हुकूम मिळवला आणि काही दिवस वितरण थांबले. गाणे पुढे दोन आठवडे पहिले राहिले, पण मार्सची दुसरी तबकडी निघाली नाही.

प्रश्न : आता इंटरनेटमुळे बड्या कंपनीची गरजच उरली नाही, हे कितपत खरे आहे?

उत्तर : अर्धेच खरे आहे. मॅकलमोर आणि रायन लुईस या अमेरिकी रॅप जोडीचे स्वतःच काढलेले ‘थ्रिफ्ट शॉप’ २०१३मध्ये अमेरिकेच्या चार्टवर सहा आठवडे पहिले होते आणि त्याचा गाजावाजा स्वतंत्र कलाकारांचा विजय म्हणून झाला. मात्र दुकानांत माल पोहोचवण्यासाठी त्यांनी वॉर्नर या बड्या कंपनीच्या मालकीच्या वितरण संस्थेची मदत घेतली होती आणि रेडिओ केंद्रांवर गाणे लागावे यासाठी वॉर्नरच्याच प्रसिद्धी यंत्रणेला पैसे मोजले होते. गाण्याची मालकी त्यांचीच राहिली, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही १९८०च्या ब्रिटिश कसोटीवर हे गाणे अपात्र ठरले असते आणि २००९च्या कसोटीवर ते पात्र आहे.