सहा इंटरव्ह्यूंवर थांबावं, की पोस्टातली ठेव मोडावी?

प्रश्न : मी बार्शीचा निवृत्त मुख्याध्यापक. मुलगी एमबीबीएस झाली, यूएसएमएलईच्या (अमेरिकेत डॉक्टरकीसाठी लागणारी परीक्षा) पहिल्या दोन्ही स्टेप पास आहे. यंदा अमेरिकेत इंटरनल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी (पदव्युत्तर प्रशिक्षण) १२० ठिकाणी अर्ज केले. डिसेंबर २०२५ उजाडला, इंटरव्ह्यूचे कॉल सहाच आलेत. तिचे सीनियर सांगतात, दहा-बारा तरी हवेत. आणखी ६० अर्ज, जानेवारीपासून तीन महिने तिथे ऑब्झर्वरशिप (डॉक्टरांसोबत राहून काम पाहणं) आणि इंटरव्ह्यूचं कोचिंग, असा ८ लाखांचा खर्च तिने काढलाय. पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत १५ लाख आहेत (जून २०२४ मध्ये ठेवले), बँकेत ४ लाखांची एफडी आणि बचत खात्यात दीड लाख. पोस्टातली ठेव मोडू का?

उत्तर : सर, नमस्कार. ठेव आत्ता मोडू नका. सहा कॉल भरपूर आहेत असं मी म्हणत नाही. पण या ८ लाखांतले बहुतेक पैसे ज्या कामाला जाणार आहेत, त्याने यंदाच्या इंटरव्ह्यूंची संख्या वाढण्याची शक्यता फार कमी आहे.

आधी 'किती पुरेत' ते पाहू. समजा, एका इंटरव्ह्यूतून जागा मिळण्याची शक्यता २० टक्के आहे. हा आकडा केवळ हिशोबासाठी धरलाय. मग सहा इंटरव्ह्यूंमध्ये कुठेतरी एक जागा मिळण्याची शक्यता ७४ टक्के येते. आठ असतील तर ८३, दहा असतील तर ८९, बारा असतील तर ९३ आणि पंधरा असतील तर साधारण ९६. म्हणजे सहावरून दहावर गेलं की १५ टक्क्यांची भर पडते, आणि बारावरून पंधरावर गेलं की जेमतेम तीन-साडेतीनची. दहा-बारा म्हणणारे सीनियर चुकीचं सांगत नाहीत. त्यापुढचा प्रत्येक इंटरव्ह्यू महाग पडतो आणि हाती थोडंच लागतं.

या हिशोबात एक खोट आहे. प्रत्येक इंटरव्ह्यू स्वतंत्र धरलाय, तसं प्रत्यक्षात नसतं. बोलताना अडखळणं, एखाद्या गॅपचं पटेल असं उत्तर नसणं, अशी उणीव असेल तर ती सहाही ठिकाणी दिसते आणि पंधरा ठिकाणीही. म्हणून आधी हे सहा कॉल कसले आहेत ते मुलीबरोबर बसून तपासा. जागा कॅटेगॉरिकल (पूर्ण प्रशिक्षणाची) आहे की प्रिलिमिनरी? प्रिलिमिनरी एकाच वर्षाची असते, ती मी अर्धीसुद्धा धरणार नाही. त्या प्रोग्रॅमच्या (हॉस्पिटलच्या रेसिडेन्सी विभागाच्या) वेबसाइटवर सध्याच्या रेसिडेंटांची यादी असते. तीत भारत, पाकिस्तान, नेपाळमधून शिकून आलेले किती दिसतात? जे-१ (प्रशिक्षणासाठीचा) व्हिसा चालतो का? फक्त एच-१बी (नोकरीचा व्हिसा) देणारं ठिकाण असेल तर स्टेप ३ पास लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरची फी लागली आहे, तेव्हा तो कॉल जपूनच मोजा. सहापैकी पाच कॅटेगॉरिकल आणि जे-१ चालणारे निघाले, तर हातात बरंच काही आहे.

आता ६० जादा अर्जांचं. इरासमध्ये (रेसिडेन्सीचे अर्ज भरायची ऑनलाइन व्यवस्था) एका शाखेतल्या पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर लागतात, पुढच्या प्रत्येकाला ३०. तुमच्या १२० अर्जांचे ३,०३० डॉलर आधीच गेलेत. डॉलर ८८ रुपये धरला तर २ लाख ६६ हजार. आणखी ६० म्हणजे १,८०० डॉलर, १ लाख ५८ हजार. अर्ज सप्टेंबरच्या शेवटी प्रोग्रॅमपुढे उघडतात, आणि बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच इंटरव्ह्यूच्या तारखा भरून जातात. वर सिग्नल, म्हणजे 'तुमच्याकडे यायची खास इच्छा आहे' ही प्रोग्रॅमला दिलेली खूण. इंटरनल मेडिसिनला मिळणारे १५ सिग्नल अर्ज करतानाच वापरावे लागतात. डिसेंबरात गेलेला अर्ज सिग्नलविना, ढिगाच्या तळाशी पडतो. हे दीड लाख मी देणार नाही.

फी शाखेनुसार मोजली जाते, त्यामुळे फॅमिली मेडिसिनमध्ये नव्याने ३० अर्ज केले तर ३३० डॉलर होतात, म्हणजे २९ हजार. या शाखेत मॅचनंतरही (उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीयाद्या जुळवून होणारं जागावाटप) दरवर्षी शेकड्याने जागा रिकाम्या राहतात. उशीर इथेही झालेलाच आहे, पण २९ हजारांत ही संधी घेण्यासारखी आहे. अट एकच : मुलीला हे काम मनापासून चालणार असेल तरच. पर्सनल स्टेटमेंट वेगळं लिहावं लागेल. ज्या हॉस्पिटलमधून इंटरनल मेडिसिनचा कॉल आलाय तिथे हा अर्ज टाकू नये, हातातल्या कॉलवर सावली पडते.

ऑब्झर्वरशिप हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तोच सगळ्यात सहज पुढे ढकलता येतो. रँक लिस्ट (पसंतीक्रमाची यादी) मार्चच्या पहिल्या आठवड्यात बंद होते. जानेवारीत सुरू झालेल्या ऑब्झर्वरशिपचं पत्र हाती येईस्तोवर प्रोग्रॅमांची निवड बरीचशी होऊन गेलेली असते. ते पत्र उपयोगी पडेल ते पुढच्या वर्षी. आणि पुढचं वर्ष लागणार की नाही, हे सोमवारी १६ मार्चला कळणार आहे. त्या दिवशी फक्त मॅच झालं की नाही एवढंच सांगतात, ठिकाण २० मार्चला. तोवर डॉक्टरांना मेल पाठवून ठेवायला, जागा कधी मिळेल हे विचारायला पैसे लागत नाहीत. मधल्या एजन्सीला आगाऊ रक्कम मात्र देऊ नका. मॅच झालं तर ती बहुधा बुडते.

मॅच नाहीच झालं तर त्याच आठवड्यात सोप असतं, म्हणजे रिकाम्या जागा भरण्याची फेरी. उरलेल्या जागांसाठी ४५ अर्ज करता येतात. त्या काळात उमेदवाराने आपणहून प्रोग्रॅमला फोन किंवा मेल करायला नियमाने बंदी आहे. 'आमची ओळख आहे, सोपमध्ये बसवून देतो' म्हणत कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

तुमच्या ठेवीचं बघू. पोस्टातल्या या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही, खातं अख्खं बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय, दोन झालेली नाहीत, म्हणून दीड टक्का कापतील : १५ लाखांवर २२,५०० रुपये. जून २०२६ नंतर हीच कपात एक टक्का होते, १५ हजार. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे ३०,७५० रुपये तुमच्या घरखर्चातले आहेत. पेन्शनवर कितीही भागत असलं तरी निवृत्तीनंतरचं हे नियमित उत्पन्न तोडताना मला काळजी वाटते. पर्सनल लोनचं मनात असेल तर तेही पाहा : ८ लाख, १४ टक्के, चार वर्षं, हप्ता जवळपास २१,९०० आणि एकूण व्याज अडीच लाख. मॅच न होता हा हप्ता सुरू राहिला तर तो तुमच्या पेन्शनमधून जाईल. प्रवेशाचं पत्र नसताना शैक्षणिक कर्ज मिळणं कठीण, त्या आशेवर राहू नका.

मग आत्ता खर्च कुठे करायचा? बचत खात्यातून लाखभर, त्याहून जास्त नाही. फॅमिली मेडिसिनचे २९ हजार त्यातच. घरी इन्व्हर्टर नसेल तर आधी तो घ्या, आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट जोडून ठेवा. इंटरव्ह्यू ऑनलाइन असतात. न्यूयॉर्कला सकाळचे आठ म्हणजे बार्शीत संध्याकाळचे साडेसहा, कॅलिफोर्नियात आठ म्हणजे रात्रीचे साडेनऊ. साडेसहाला लाइट गेली आणि चेहरा अंधारात गेला, तर वर्षाची मेहनत पाच मिनिटांत विस्कटते. महागडं कोचिंग नको. तिथे रेसिडेन्सी करणाऱ्या सीनियरांकडून चार-पाच मॉक इंटरव्ह्यू करून घ्या, एकदा रेकॉर्ड करून तिला स्वतःला पाहायला लावा. वर म्हटलेली, सगळीकडे सारखीच दिसणारी उणीव इथेच सापडते. उरलेल्या सहाही संधींना याचा फायदा होतो, म्हणून यावर खर्च होणारे पाच-दहा हजार मला सगळ्यात मोलाचे वाटतात.

एनआरएमपीची (मॅच चालवणारी संस्था) नोंदणी झाली आहे ना, हे आजच विचारा. ती इरासपेक्षा वेगळी असते, फी ७० डॉलर, आणि जानेवारीअखेरनंतर लेट फी लागते. तीच राहून गेली तर इंटरव्ह्यू देऊनही रँक लिस्ट भरता येत नाही. यादीत जिथे जायला ती तयार आहे अशी सगळी ठिकाणं टाकायची, तिच्या पसंतीच्या क्रमाने. 'इथे मिळणं सोपं' म्हणून कुणाला वर चढवायचं नाही, मॅचची रचना उमेदवाराची पसंती आधी धरते. २० ठिकाणांपर्यंत जादा पैसेही नाहीत.

बँकेतल्या ४ लाखांना हात लावू नका. मॅच झालं तर जूनमध्ये लागतील ते हेच : जे-१ साठी सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थी-प्रशिक्षणार्थींची नोंदणी) २२० आणि व्हिसाचे १८५ डॉलर, विमानाचं तिकीट, घराचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं. नोकरी जूनअखेर किंवा १ जुलैला सुरू होते आणि पहिला पगार हातात पडायला काही आठवडे जातात. मुलगी सरकारी कॉलेजची असेल आणि एक वर्षाची बंधपत्रित सेवा राहिली असेल, तर १० लाखांच्या दंडाची बाजू मला कळवा. मग १६ मार्चनंतरचा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागेल.