मोठ्या दातांचा कंगवा

चि.,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तीनदा 'सगळं ठीक आहे, काका' म्हणालास, आणि मागे आयसीयूत सूनबाईच्या मॉनिटरचं टुकटुक चालू होतं. हेच वाक्य मी सत्तेचाळीस दिवस लोकांच्या तोंडावर फेकलंय. त्यामुळे तेव्हा गप्प बसलो आणि आज लिहायला बसलो.

तुझ्या काकूचं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा 'आठ दिवसांत घरी' असं सांगितलं होतं. सहाव्या दिवशी ताप चढला, नाडी 120 वर गेली, ड्रेनच्या, म्हणजे पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीतला रंग बदलला. आतड्याचा जोड सुटला तर तो बहुधा पहिल्या आठवड्यातच बोलतो, हे मला मागाहून कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की पुन्हा सही करायची. या खेपेला आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, 'हे काय चिकटवलंय?' मी म्हणालो, 'साधं ड्रेसिंग आहे.' दुसऱ्या दिवशी सिस्टर पिशवी रिकामी करायला आली आणि तिने मान उचलून पाहिलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पिशवीचं दुःख तिने पचवलं, पाच महिन्यांनी पिशवी निघालीही. 'ड्रेसिंग' मात्र आजही निघतं, अगदी रविवारी पोहे-जिलेबी खाताना.

म्हणून सांगतो, सूनबाईशी खोटं बोलू नकोस. सगळं एका दमात ऐकवायचं असं नाही; ती विचारेल तेवढ्याचं खरं सांग. 'रिपोर्ट आला नाही, मलाही माहीत नाही' हेसुद्धा खरंच उत्तर आहे. नातेवाइकांना हवं तर थाप मार. त्यांच्या फोनसाठी मेहुण्याला नेमून टाक.

आयसीयूत संध्याकाळनंतर ती भलतंसलतं बोलली तर घाबरू नकोस. काकूला छतावर वरातीचा बँड दिसायचा. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मोठ्या आजारात, आयसीयूतल्या रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्यांत असा भ्रम पुष्कळांना होतो आणि बहुतेकांचा हळूहळू ओसरतो. पण डॉक्टरांच्या कानावर घाल, कारण कधी त्यामागे जंतुसंसर्ग किंवा एखादं औषधही असतं. तिचा चष्मा आत देण्याची परवानगी माग. दिवसा वार-तारीख सांगत जा, आपण इंदुरात आहोत हे सांग, बँड खोटा आहे म्हणून वाद घालू नकोस.

एक शंभर पानी वही घे. ताप, लघवी, ड्रेन किती मिलीलीटर, कोणतं औषध बदललं ते लिही. चार्ट सिस्टरकडे असतोच, पण राउंडला डॉक्टर चार मिनिटं थांबतात आणि नेमक्या तेव्हा आपली पाटी कोरी होते. प्रश्न रात्रीच लिहून ठेव. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर संकोच नको. उपचारांचे कागद मागितल्यावर हॉस्पिटलने 72 तासांत द्यावेत असा नियम आहे. विम्याचं एवढंच बघ, की खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेत आहे ना. नसेल तर नुसता भाड्यातला फरक नाही, बाकीच्या बिलातलाही हिस्सा कापतात. मी हे खिशातून शिकलो.

आणि झोप. मी अकरा रात्री बाहेरच्या लोखंडी बाकावर काढल्या, त्यात काय मर्दुमकी होती देव जाणे. बाराव्या दिवशी औषधांच्या काउंटरवरच चक्कर आली आणि लोकांना दोन पेशंट सांभाळावे लागले. पाळ्या लाव.

वॉर्डात आली की तुझं काम वाढेल. ते तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र असतं ना, ते ती टाळेल. खरं तर ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, म्हणजे फुप्फुसं उघडी राहतात. दोन-दोन तासांनी कूस बदलली जाते का ते बघ. दहा पावलं चालली तर दहाच मोज, काल बारा होती म्हणू नकोस.

काकूच्या केसांची तेवढ्या दिवसांत जट झाली होती. एक सिस्टर म्हणाली, 'अंकल, काट दें क्या?' काकूने डोळे मिटून घेतले. मी खाली जाऊन खोबरेल आणलं आणि टोकाकडून वर, बोटाबोटाने सोडवत बसलो, दुपार गेली. मग वेणी. तीन पेड कसे घालतात हे मला साठीला आलो तरी ठाऊक नव्हतं. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, 'उजवा पेड मधे घ्या हो.' दोन दिवसांनंतरचं तिचं ते पहिलं वाक्य.

शनिवारी रात्रीची पाळी माझी. तू रामबागेत आमच्या घरी ये, किल्ली शेजारी आहे, खिचडी झाकून ठेवलेली असेल. काकूचा निरोप आहे, कंगवा मोठ्या दातांचा ने. बारीक मुळीच नको.

तुझा,
काका